घराची खूण

कोल्हापूर,
१५ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णा,

जय जिनेंद्र.

आईचा गुडघा बरा आहे. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीवर ती रोज चिडते, पण चालते. तुमच्याकडचा नदीकाठचा ऊस पिवळा पडल्याचं वहिनींनी सांगितलं. तोड तरी वेळेवर मिळो. इथे दिवाळीची गर्दी सुरू झाली आहे. महाद्वार रोडवरून चालवत नाही.

काल तुझा फोन मी उचलला नाही. फोनवर तू बोलतोस, ऐकत नाहीस. म्हणून लिहिते आहे. वाचून झाल्यावर हे पत्र कुणाला दाखवू नकोस. वहिनींनाही नको.

तू म्हणतोस, ‘मी नाव घातलंच न्हाई, मग माझं काय चुकलं?’ श्रावणात मी आपल्या वेबसाइटच्या बातमीदारांसाठी कायद्याचा वर्ग घेतला, तेव्हा तू पुढच्या बाकावर होतास. लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीत तिची ओळख पटेल असं काहीही द्यायचं नाही, हे मी फळ्यावर लिहिलं होतं. नाव नाही, फोटो नाही, शाळा नाही, घरचे नाहीत, शेजार नाही. तू म्हणालास, ‘मग बातमीत उरलं काय, मॅडम?’ सगळे हसले. मीही हसले.

गावातल्या त्या मुलीच्या बातमीत तू नाव लिहिलं नाहीस हे खरं आहे. तू घराची खूण लिहिलीस आणि तिच्या वडिलांचा धंदा लिहिलास. ती खूण मी इथे पुन्हा लिहीत नाही.

अण्णा, आपल्या गावात नावानं कोण कुणाला ओळखतं? आपण पाण्याच्या टाकीजवळचे. बाबांचं नाव विचारत आलेला पाहुणा गावभर फिरायचा, आणि ‘टाकीजवळचे’ म्हटलं की पोरंसोरं त्याला दारात आणून सोडायची. शहरात बसून ती बातमी वाचणाऱ्याला काही कळलं नसेल. गावाला पहिल्या ओळीत कळलं. मलाही पहिल्या ओळीत कळलं. मी बातमी काढून टाकली, तोवर ती गावच्या ग्रुपवर फिरत होती.

तू मुद्दाम केलं नाहीस. महापुरात कुठला रस्ता बंद, कुठे होडी आहे, हे तू छातीभर पाण्यातून कळवायचास, तेव्हा शिरोळचे लोक आपली वेबसाइट उघडून बघायचे. म्हणूनच तुझ्या बातम्या आम्ही न तपासता जाऊ देत होतो. तो निर्णय माझा होता.

परवा त्या मुलीची आई ऑफिसात आली होती. एकटीच. मी चहा मागवला, तिने कपाला हात लावला नाही.

‘तुझा भाऊ म्हणतोय, नाव न्हाई घातलं. मग बायका दारात येऊन कसं इचारत्यात, पोरगी कशी हाय म्हणून?’

मुलगी आता कुठे आहे, ते मी विचारलं.

‘माहेरी ठेवलीया तिला. तिथंबी कुणीतरी मोबाइल दाखवला. ती जेवंना झालीया. वकील म्हणतोय, कोर्टात तिनं बोलाय पायजे. आता ती म्हणतीया, मी न्हाई बोलणार. त्यो सुटंल की गं, राजमती.’

हे तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. ज्या माणसाला शिक्षा व्हावी म्हणून तू ती बातमी लिहिलीस, तो सुटू शकतो.

तू परवापासून माफीचं बोलतो आहेस. रविवारी बस्तीच्या मंदिरात पूजेनंतर समाजासमोर उभा राहून हात जोडणार, मग पंचांना घेऊन त्यांच्या घरी जाणार, नारळ ठेवणार, आणि तो माफीनामा वेबसाइटवर टाकणार. आपल्याकडे सगळं असंच मिटतं. बांधाचं भांडण मिटलं, लग्नातला मानपान मिटला. बाबासुद्धा हेच म्हणाले असते.

ते करू नकोस. तू ज्या दारात जाशील ते दार सगळं गाव बघेल. ज्यांना अजून कळलेलं नाही, त्यांना तुझ्या माफीतून कळेल. तिची माफी मागायची तर तिच्याकडे बोट दाखवावं लागतं. तुला मोकळं वाटेल. तिचं काय?

रविवारी पूजेला जा. नेहमीच्या जागी बस. कुणी विषय काढला तर उठून ये. पारावर तू गप्प बसलेला कुणी पाहिलेला नाही, पण तुला आता हेच करायचं आहे. ग्रुपवर ‘गैरसमज झाला’ असंसुद्धा लिहायचं नाही.

आता जे लिहायचं ते मी इतका वेळ लांबवते आहे.

जाताना तिच्या आईनं विचारलं, ‘तू शिकलेली हाईस. आम्ही काय करायचं ते सांग.’ मी सांगितलं. अशी ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि लिहिणारा आणि छापणारा दोघेही त्यात येतात. तक्रार कुठे द्यायची, सोबत काय जोडायचं, तेही सांगितलं. काढून टाकलेल्या बातमीची प्रत त्यांच्याकडे नव्हती. ती मी काढून दिली.

तिनं विचारलं, ‘भावाचं नाव घालू व्हय?’

मी हो म्हणाले. माझंही घालायला सांगितलं. संपादक म्हणून माझं आधी.

उद्या ते पोलीस ठाण्यात जाणार आहेत. तुला बोलावणं येईल. त्याआधी इकडे ये. आमच्या वकील ऋता बेळंके तुला भेटतील. पोलिसांना खरं ते सांग. ‘ऑफिसनं टाकलं’ म्हणू नकोस, तसंच मला वाचवायला ‘बहिणीला माहीतच नव्हतं’ असंही म्हणू नकोस.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. भाऊबीजेला तू येणार म्हणून ती रोज काहीतरी करायला सांगते. तू आलास तर पाट मांडीन. नाही आलास तरी प्रत दिली याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही.

तुझी बहीण,
आणि उद्यापासून बहुधा सहआरोपी,
राजमती