चपलेचा वास

३ नोव्हेंबर २०१७
पुण्याची एक नवी कंपनी मेंदूत बसवायचं यंत्र बनवून राहिली आहे. फिट येण्याआधीच ओळखतं आणि थांबवतं म्हणे. चाचणीसाठी त्यांना इकडचे पेशंट हवेत. चिखलीचा समन्वयक मी. दुसरा कोण आहे? बीटी कपाशी आली तेव्हा बियाण्याच्या आतच औषध असतं हे अर्ध्या तालुक्याला मी पटवलं. यंदा अळीने बोंडं पोखरली, ती गोष्ट वेगळी.
तीस तारखेला शिबिर. त्यांना वीस हवेत, मी चाळीस आणतो.

६ नोव्हेंबर, स. ११
कंपनीच्या डॉक्टर फिजा मॅडम घरी आल्या. मूळच्या मेहकरच्या, बोलणं आता पक्कं पुण्याचं. लक्षणं सांगत होत्या : माणूस बोलता बोलता थांबतो, नजर एका जागी खिळते, नंतर काही आठवत नाही. मी ऐकतोय, तर मॅडम एकदम तिसऱ्या पानावर. मधलं पान गाळलं. शिकलेल्यांना घाई फार. चहाही माझ्याच शर्टावर सांडून ठेवला.

९ नोव्हेंबर
किसनरावच्या पोरीला फिट येते, गल्लीला माहीत आहे. हा म्हणतो, शालिग्रामभाऊ, तिले काई नाही, अशक्तपणा हाय, लगन जमून राह्यलं तिचं. आतून त्याची बायको पुटपुटली, आपल्या घरचं पाहा म्हणा आधी. कान तिखट आहेत माझे. अर्थ लागला नाही. लपवण्यातच जन्म जातो या लोकांचा.

१४ नोव्हेंबर, दु. ४
माझ्या बियाण्याच्या दुकानात बोंडअळीवाले भांडायला आले. फवारणी तुम्हीच चुकवली, असं सुनावत होतो, तर एकदम मी बाकावर आडवा आणि नाकाला चपलेचा वास. एकादशीचा उपास भोवला. वास शेजारच्या जब्बारच्या चपलांच्या दुकानातला, वारा तिकडचाच होता. भांडायला आलेले गुपचूप गेले. याला वक्तृत्व म्हणतात.

१५ नोव्हेंबर
संकल्प : उपास बंद.
जयमाला म्हणते, एकडाव मॅडमले दाखवा, सहा वर्सं झाले. बायकोला समन्वयक आणि पेशंट यातला फरक कळत नाही. गाडीची चावी तिने लपवली आहे.

२१ नोव्हेंबर
धाड, जानेफळ, दोन्ही गावं फिरलो. नोंदणी शून्य. चावी जब्बारकडे निघाली, म्हणे, भाऊ, गाडी मी चालवतो, तुम्ही मांगं बसा. जानेफळात एक जण म्हणाला, तुम्ही बसवा आधी, मंग आमी. सगळे हसले. मागासलेला भाग.

२९ नोव्हेंबर
भाषण पाठ. मुख्य वाक्य : आजार लपवू नका, लाज कसली?

३० नोव्हेंबर, सायं. ६
साठ माणसं आली, नोंदणीला एकही उठेना. मी माईक घेतला. 'लपवू नका' इथपर्यंत आठवतं. डोळे उघडले तर मी स्टेजवर कुशीवर, मॅडम घड्याळ बघतायत आणि जब्बारला सांगतायत, चप्पल खाली ठेवा, तिचा काही उपयोग नसतो. दीड मिनिट, असं त्यांनी लिहून घेतलं.
मग किसनराव पोरीचा हात धरून उठला. त्याच्यामागे बाकीचे.
सत्तावीस नावं. यादी मागवून पाहिली. पहिलं नाव माझं, अक्षर जयमालाचं, तारीख ६ नोव्हेंबर.
घरी जब्बारनेच आणलं. वाटेत विचारलं, कोणाची चप्पल लावतोस रे नाकाला?
म्हणाला, तुमचीच, भाऊ. दुसऱ्याची काऊन लावू?