साबणाच्या राखेत काय काय

८ नोव्हेंबर
आजही साबण आळला नाही! तीन तास ढवळलं. पामच्या बियांचं तेल, चुलीतल्या राखेचं पाणी — आणि कढईत नुसता काळा रस्सा. दंड भरून आलेत.

सगळी सासूबाईंची करणी. तेलाचं मला शिकवलं, राखेचं थोरलीला. म्हणजे दोघी सवती कधी वेगळ्या व्हायला नकोत! आता थोरली पाय मोडून लागोसला, लेकीकडे पडलीय. ती परसात काय काय जाळायची, कुणाला ठाऊक?

१० नोव्हेंबर
इदान्रेच्या बाजारात बायका विचारत होत्या, "काळा साबण नाही आणलात?" हसून वेळ मारून नेली. घरी विचारणारं कुणी नाही. एकटीपुरता कसाव्याच्या पिठाचा एबा केला, तोही उरला.

फोन करता येईल. पण आम्ही नऊ वर्षं बोललेलो नाही. नवऱ्याला पुरलं त्या दिवशी म्हणाली होती, "तुला ना मूल ना बाळ, तू कशाला ऊर बडवतेस?" तेव्हापासून ती राखेचं मडकं माझ्या उंबऱ्याशी ठेवायची, मी साबणाचा गोळा तिच्या. बस. पण तिची पावलं तरी वाजायची. आता तीही नाहीत.

१३ नोव्हेंबर
केला फोन!

"कोण? मास्तरीणबाई? एवढी पोरं शिकवलीस, आणि राख कळेना होय?" — फोन उचलल्या उचलल्या टोमणा! मी गिळला. मग म्हणाली, "कोकोच्या शेंगांची टरफलं जाळ. आज एवढंच. बाकीचं उद्या."

उद्या!! भाव खातेय नुसती.

१४ नोव्हेंबर
"भाजीच्या केळ्यांच्या साली. कडक वाळव. आणि राखेच्या पाण्यात अंडं तरंगलं पाहिजे, बुडालं तर पाणी फिकं."

१९ नोव्हेंबर
आळला! काळाभोर, मऊ गोळा. हात धुतले, फेसच फेस. दाखवू कुणाला?

फोन लावला. सांगणारच होते. तिने विचारलं, "काय गं, जमला?" आणि तोंडातून निघून गेलं, "छे, पातळच आहे."

या वयात खोटं! लाज वाटते. पण खरं सांगितलं असतं तर उद्या कुठल्या तोंडाने फोन केला असता?

२० नोव्हेंबर
पपईची वाळकी पानं.

२३ नोव्हेंबर
दाणे काढलेली मक्याची कणसं. आज पाऊण तास बोलली. नवऱ्याच्या घोरण्यावरून दोघी हसलो. मग एकदम म्हणाली, "त्या दिवशी मी तुला जे बोलले ना —" आणि थांबली. तिकडे मोटारींचे भोंगे ऐकू येत होते.

"उद्या आणखी एक सांगते," म्हणाली.

२ डिसेंबर
नऊ वस्तू झाल्या. दोन सोडून एकही जाळली नाही.

४ डिसेंबर
मोरोलाकेचा फोन — थोरलीच्या लेकीचा. दबक्या आवाजात. "धाकटी आई, आई आंघोळीला बसलीय म्हणून बोलते. डॉक्टर म्हणतात, आता तिला गावी परत येता यायचं नाही. आणि राखेत दोनच वस्तू लागतात गं, त्या तिने तुला आधीच सांगितल्यात. बाकीच्या सकाळपासून शोधत बसते. शेजारणींना झाडांची नावं विचारते! म्हणते, साबण जमला की धाकटी फोन करायची नाही."

५ डिसेंबर
फोन केला. म्हटलं, "थोरले, अजून पातळच आहे गं."

"अगंबाई!" ती म्हणाली. "मग घे लिहून."