सिसिलीची शेजारीण

३ सप्टेंबर
आजपासून मी हिमानी राजोपाध्ये नाही. हेलेना राजो. आजोळ सिसिलीचं. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या जुन्या नाटक ग्रुपने तीन वर्षं फक्त इंडियन डॉक्टरच्या भूमिका दिल्या, त्याही पहिल्याच अंकात संपणाऱ्या. आता ग्रुप नवा, करिअर नवं.

५ सप्टेंबर
रोल मिळाला. सिसिलियन मोलकरीण, अकरा वाक्यं. केदार म्हणाला, मोलकरीणच व्हायचं होतं तर नाव कशाला बदललंस. नवऱ्याला कलेतलं काही कळत नाही.

१९ सप्टेंबर
तालमीत स्क्रिप्टला पाय लागला. हात आपोआप स्क्रिप्टला आणि मग कपाळाला. आमचा डायरेक्टर ग्रेग विचारतो, हे काय? सांगितलं, सिसिलीत सगळेच करतात. त्याला इतकं आवडलं की नाटकातच ठेवलं. संकटात मी अगदी शांत असते. घरी येऊन चार वेळा फ्रिज पुसला.

२ ऑक्टोबर
आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. प्रयोगाला येणारच म्हणते. समजावलं, तिथे तू माझी शेजारीण, करिअरचा प्रश्न आहे. आई मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "कितव्या मजल्यावरची?" वरच्या, म्हटलं. समजूतदार आहे. मला मात्र जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असणार.

१० ऑक्टोबर, प्रयोगानंतर
अकरापैकी नऊ वाक्यं आठवली. उरलेली दोन तशीही फालतूच होती. ग्रेगशी ओळख करून दिली: मिसेस मालिनी, शेजारी. तेवढ्यात खाली पडलेल्या प्रोग्रॅमला आईचा पाय लागला. ती वाकली, हात लावला, कपाळाला नेला. ग्रेग तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. आई शांतपणे इंग्लिशमध्ये म्हणाली, "सिसिलीतही आम्ही शेजारीच होतो." ग्रेग पोट धरून हसला.
कारमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. मी रेडिओ लावला, बंद केला, परत लावला.

१२ ऑक्टोबर
ग्रेगचा ईमेल. पुढच्या नाटकात आजीचा मोठा रोल आहे. आईसाठी. मला विचारलंय, त्यांना तालमीला सोडशील का.

२० ऑक्टोबर
आईची पहिली तालीम. ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, ही माझी आई. ड्राइव्ह करताना मनात तीनदा म्हणून पाहिलं. दारातच ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या कुणीतरी आईला विचारलं, सोबत कोण? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "शेजारीण आहे. खालच्या मजल्यावरची."
माझ्याकडे वळूनही न बघता आत गेली.
आई अभिनय फार छान करते. अभिनयच असणार.