लेलंडचं नाव मी सभेत घेतलं

डुलुथ,
बुधवार, १५ मार्च २०२३

प्रिय व्हर्ना,

तुझा गुडघा आता कसा आहे? तुमच्याकडे ईलीला अजून बर्फ पडतोय असं ऐकलं. इथे सरोवर गोठलेलं आहे, पण माझ्या अंगात मात्र काल दुपारपासून नुसती आग भरली आहे. अक्षर सांभाळून घे. आपण जिंकलो, व्हर्ना!

सांगतो, नीट सांगतो. जे म्हातारे गे सैनिक कुठल्याच सरकारी कचेरीची पायरी चढत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करायला एक माणूस आणि एक गाडी काउंटीने द्यावी, अशी मागणी होती. पैसा सरकारी, म्हणून काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळापुढे मतदान. मागणी थिया मार्केटीची. ती निवृत्त नर्स आहे, नौदलाच्या जहाजावर होती, आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. मी तिच्याबरोबर फक्त खुर्ची भरायला गेलो होतो. थर्मासमध्ये सूप घेऊन मागे बसायचं, एवढाच बेत.

थियाने छान मांडलं. पण मंडळातल्या ग्लेंडा हाउगबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, पण ही माणसं आहेत कुठे? इतकी वर्षं मी निवडून येतेय, माझ्याकडे तर एकही आला नाही."

आणि मी उभा राहिलो! का, ते मला विचारू नकोस. थियाच माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम," मी म्हटलं, "ते येत नाहीत, म्हणूनच तर गाडी हवी."

लोक हसले. बाईसुद्धा हसल्या. मग मला थांबताच येईना. मी लेलंडबद्दल सांगितलं. होय, आपल्या लेलंडबद्दल, पूर्ण नावानिशी.

व्हर्ना, पाठीच्या दुखण्यामुळे त्याने नौदल सोडलं, असंच तू सगळ्यांना सांगत आलीस. तसं नव्हतं. एका खलाशाबरोबर त्याला पाहिलं आणि महिन्याच्या आत त्याला हाकलून दिलं, कागदांवर बदनामीचा शेरा मारून. शेवटच्या हिवाळ्यात त्याला जिना चढवेना, रात्री बसून झोपायचा. मी हातापाया पडलो, सैनिकांच्या दवाखान्यात चल म्हणून. तो म्हणाला, "ज्यांनी हाकललं त्यांच्याच दारात परत जाऊ? मी काय कुत्रा आहे, ऑरिन?" कोणी घरी येऊन शेजारी बसलं असतं, तुझ्यासारखे आणखी आहेत असं सांगितलं असतं, तर कदाचित तो गेला असता. हे सगळं मी भर सभेत बोललो.

हाउगबाईंनी हळू आवाजात विचारलं, "ते तुमचे कोण होते?"

मी उत्तर दिलं. मग मतदान झालं.

तीन हो, तीन नाही. राहिले ब्यॉर्कलुंड. तो घुम्या, दूधवाला, कायम नाही म्हणणारा! थियाने माझा हात असा आवळला की अजून दुखतोय. म्हाताऱ्याने टेबलावरचे कागद पालथे घातले. मग खेकसला, "गाडीला बर्फाचे टायर घाला. वरच्या रस्त्यांवर साध्या टायरांनी मराल. माझं मत हो."

आम्ही लहान पोरांसारखे ओरडलो गं! थियाने भर सभेत मला मिठी मारली, सूप सांडलं, कोणी रागावलं नाही. पुढच्या महिन्यात गाडी निघणार, आणि दारं वाजवायला मी तिच्याबरोबर. ह्या वयात मला काम लागलं, व्हर्ना!

आता जे टाळतोय ते लिहितो. तिथे टीव्हीवाले होते. ह्या रविवारी संध्याकाळी दाखवणार आहेत. तुझ्या चर्चमधल्या बायका बघतील आणि तुला फोन करतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

हाउगबाईंना मी म्हटलं, "तो माझा नवरा होता. लग्न करायची परवानगी आली तोवर तो इतका थकला होता की कचेरीपर्यंत जाणं झालं नाही. पण नवराच."

दफनाच्या दिवशी पाद्रींनी मला त्याचा भाडेकरू म्हटलं. मी मागे बसलो. तू कॉफी आणि वेलदोड्याचा पुल्ला पाव घेऊन माझ्यापर्यंत आलीस आणि माझ्या शेजारीच उभी राहिलीस. तुला माहीत होतं का गं? तेव्हापासून मी हेच विचारीन म्हणतोय, आणि दर नाताळला नुसतं हवापाणी लिहून पाठवतोय.

आणखी एक. थिया म्हणते, तो शेरा माणूस गेल्यावरही पुसता येतो. अर्ज रक्ताच्या नातेवाइकाने करायचा असतो. कायद्याने मी त्याचा कोणी नाही. तू बहीण आहेस. तू सही केलीस तर त्याच्या थडग्यावर नौदलाचा दगड बसेल, आणि त्या दिवशी सैनिकाच्या मानाच्या ध्वजाची घडी तुझ्याच हातात देतील. नाही म्हणालीस तरी तुझ्यावर माझा राग नाही. पण बातमी बघ. लेलंडचा फोटो दाखवतील, तो बंदरावरचा, टोपी तिरकी घातलेला. किती देखणा होता तो, व्हर्ना, आणि हे मोठ्याने म्हणायला मला केवढी वर्षं लागली!

फोन कर. शिव्या द्यायच्या असतील तरी कर.

तुझा मेव्हणा,
ऑरिन