वार्निशचा थेंब

प्रिय ठमे,

तू वरच्या खोलीत दुपारची झोपली आहेस आणि मी खाली वर्कशॉपच्या टेबलावर, जॉबकार्डच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. मायलेकी एका घरात असताना पत्र कसलं लिहायचं, असं म्हणशील. बरोबर आहे. पण माझं तोंड तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाशी भांडायला आणि तुला ओरडायला ते छान चालतं, एरवी त्याला कुलूप. गेले तीन दिवस मी बोलायचं म्हणून जिना चढते, तुझ्या दारापर्यंत येते आणि 'चहा टाकू का?' एवढंच विचारून खाली उतरते. काल सहा वेळा विचारलं. सहाव्या वेळी तू हसलीस, आणि मला मात्र खाली येऊन पायरीवर बसावं लागलं.

मला भीती वाटते आहे. तू नवऱ्याच्या घरी परत जाशील याची. सरळच लिहिते, कारण आडवळणाने लिहायला गेले तर कार्ड संपेल आणि मुद्दा राहील. तुझे बाबा गेल्यानंतर हे वर्कशॉप मी एकटीने चालवलं. दांडगे ट्रकवाले अंगावर आले तरी पाना खाली ठेवला नाही. पण बुधवारपासून रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून फाटकापाशी जाते. काल पाव किलो खिळे मोजायला घेतले आणि चार वेळा चुकले.

रविवारी तू आलीस ती बंद गाडी दोरीने बांधून, दुधाच्या टेम्पोच्या मागून. गाडीतून उतरलीस आणि पहिलं वाक्य काय, तर 'आई, मलाच नीट चालवता येत नाही गं.' चौदाव्या वर्षी तू या आवारात जीप मागे घेऊन दोन डब्यांच्या मधे उभी करायचीस. तू सांगत गेलीस. गावात चालते, बाजारापर्यंत चालते, पण मोठ्या रस्त्याला लागून चढावर पाय दिला की गचके खाते आणि बंद पडते. समोर इशाऱ्याचा दिवाही लागत नाही. आधी दोनदा अशीच बंद पडली, दोन्ही वेळा तू इकडेच निघाली होतीस, आणि दोन्ही वेळा नवरा येऊन तुला घेऊन गेला. हे तू सहज सांगितलंस. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या होत्या तुझ्या, तेही मी पाहिलं. पाहिलं आणि बॉनेट उघडलं. आम्हाला तेवढंच येतं.

हवेच्या गाळणीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर तो मास एअरफ्लो सेन्सर असतो, आपण नुसतं हवेचा सेन्सर म्हणतो. आत केसासारखी बारीक तार. ती तापवलेली असते, येणारी हवा तिला गार करते, आणि किती गार झाली त्यावरून गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं की हवा किती आली आणि पेट्रोल किती सोडायचं. लहानपणी तू 'म्हणजे गाडीचं नाक' म्हणाली होतीस. तो मी काढला. बहुतेक वेळा त्यावर धूळ असते, नाहीतर तेलकट थर. धूळ असती तर मी तुझ्या नवऱ्याला दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते, गाळणी बदलत नाही म्हणून. पण गाळणी नवीकोरी होती. नळी आतून ताटासारखी स्वच्छ होती. आणि तारेवर एक थेंब होता, वाळलेला, काचेसारखा चमकणारा.

तुला मी सांगितलं, सेन्सर जुना झाला, नवा मागवावा लागेल. सोमवारी सकाळी तो थेंब घेऊन शेजारच्या रंगाऱ्याकडे गेले. त्याने तीस वर्षं गाड्यांना रंग मारलाय, नाक अजून शाबूत आहे. नखाने जरासा खरवडला, वास घेतला आणि म्हणाला, 'बाई, हे वार्निश आहे. उडालेलं नाही, लावलेलं आहे. बारीक ब्रशने. ज्याने लावलं त्याचा हात चांगला आहे.' मी त्याला म्हटलं, काहीतरीच काय. आणि परत येताना आपलं फाटक ओलांडून चार दुकानं पुढे गेले, मग भानावर आले.

कारण तो हात मला ओळखीचा होता. तुझा नवरा आपल्याकडे कामाला आला तेव्हा तू शिकायला बाहेर होतीस. दुसऱ्या वर्कशॉपमधून आलेला, तयार कारागीर. चार वर्षांत त्याच्या हातून एक आटा घसरला नाही. त्याच्या हत्यारांना कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. एकदा वेल्डरने विचारल्याशिवाय पक्कड घेतली, तर हा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही आणि ती पक्कड फेकून दिली. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले, बघा, किती टापटीप! तुझ्यासाठी त्याचं नाव मीच काढलं. तू म्हणाली होतीस, 'आई, तो फार बघत राहतो गं.' मी म्हटलं, बघणार नाही तर काय करेल, एवढी देखणी लेक माझी. आपल्याच हाताने लेकीच्या पायावर धोंडा मारला आणि वर हसले.

आणखी एक आहे. ही विद्या त्याला मीच दिली. याच टेबलाशी उभं करून शिकवलं होतं की मेलेला सेन्सर परवडला, कॉम्प्युटरला तो मेल्याचं कळतं, दिवा लागतो, अंदाजाने का होईना गाडी घरी पोचते. अर्धवट झाकला गेलेला सेन्सर वाईट. तो हवा कमी सांगतो, कॉम्प्युटर विश्वास ठेवतो, दिवा लागत नाही, गावात गाडी कशीबशी चालते आणि चढावर दगा देते. मेकॅनिकही दहा दिवस चकतात. मी त्याला चकू नको म्हणून शिकवलं होतं.

तरीही मी स्वतःची समजूत घालत होते. कुणीतरी चुकीचा स्प्रे मारला असेल, मागच्या मालकाचा उद्योग असेल. मग बुधवारी संध्याकाळी तू फोन ठेवलास आणि म्हणालीस, 'तो शनिवारी सकाळी स्वतः येतोय. हवेचा सेन्सर घेऊनच येतो म्हणाला, तुला मागवायची गरज नाही.' मी हो म्हटलं आणि गाडीखाली शिरले. ठमे, मी त्याला काहीच सांगितलेलं नाही. तुला मी मुद्दाम विचारलं, त्याला काय सांगितलंस, तर तू म्हणालीस, 'इंजिनाचं काहीतरी आहे एवढंच. नाव कुठे लक्षात राहतं माझ्या?' मग शंभर भागांतला नेमका तोच भाग त्याला कसा कळला? तेव्हापासून मी फाटकाला कुलूप घालते, तासाभराने ओढून बघते. तुला सांगितलं तर तू त्याचीच बाजू घेशील, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यालाच फोन करून विचारशील. मग तो काय करेल?

आता ज्यासाठी कार्ड घेतलं ते लिहिते. सेन्सर अजून आलेला नाही, असं मी तुला पाच दिवस सांगते आहे, ते खोटं आहे. तो सोमवारी दुपारीच आला. दोन स्क्रू, एक प्लग, दहा मिनिटांचं काम. तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा मी गाडी पाण्याच्या टाकीच्या चढावर नेऊन आणली, दोनदा. तक्रार नाही. मग तिला जॅकवर चढवलं, पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलं आणि तुला म्हटलं, बघ, अजून उघडीच आहे. मला वाटलं, मी तुला वाचवते आहे. आज सकाळी तू खाली आलीस, दारातच उभी राहिलीस आणि विचारलंस, 'आई, तू रागावणार नसशील तर मी बसने जरा बाहेर जाऊन येऊ का?' हा आवाज तुझा नाही. फोनवर त्याच्याशी बोलताना लावतेस तो आहे. तो तू माझ्यापुढे लावलास आणि मला कळलं, त्याने थेंब लावला, मी चाक काढलं. म्हणून आत्ता चाक बसवलंय, पेट्रोलची टाकी भरली आहे. या पत्राच्या पाकिटात किल्ली आहे आणि तो जुना सेन्सर. खिडकीपाशी उजेडात धरून स्वतःच्या डोळ्यांनी बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तो उद्या सकाळी येईल, आत्ता दुपारचे दोन वाजलेत. इथेच राहिलीस तर फाटकात मी उभी आहे. मावशीकडे जायचं असेल तर ती वाट बघते आहे, तिला मी काही विचारू नकोस म्हणून सांगितलंय. आणि त्याच्याकडेच जायचं असेल, तर तो रस्ताही गाडी आता बंद न पडता कापेल. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं. मला फार भीती वाटते आहे गं. फाटक उघडं ठेवलंय.

तुझीच,
आई