‘कठीण’ सोमवारपासून बंद

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. लांबूनच करतो; तुझे पाय कुठल्या ठोक्याला कुठे पडतील याचा हल्ली भरवसा नाही आणि वाकलेल्या माणसाने अशा वेळी मध्ये येऊ नये.

ताजी बातमी आधी देतो, सवयीने. येत्या सोमवारी सकाळी दहापासून आमच्या खेळातली ‘कठीण’ ही पातळी बंद होत आहे. बातमी पक्की आहे. आमच्या बॉसबाईंनी काल दुपारी चार वाजता माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या येऊन तिला दुजोरा दिला आणि जाताना माझं पेन घेऊन गेल्या. तू ‘कठीण’वर पार केलेली अकरा गाणी तुझीच राहतील, ती कोणी काढून घेत नाही. फक्त ती कठीण राहणार नाहीत. त्यांचं नेमकं काय होणार ते या पत्रात आहे, पण ते कसं झालं हे कळण्याआधीच तू भावोजींच्या दिशेने चष्मा फेकू नयेस (मागचा दुरुस्तीहून यायला दोन आठवडे लागले होते) म्हणून जरा क्रमाने सांगतो. फोनच का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर तू मला क्रियापदापर्यंत पोचू देत नाहीस.

खुबा कसा आहे? डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं सांगितली असताना तू सव्वा तास त्या चटईवर असतेस, असं तुझ्या लेकीने कळवलंय. ‘कठीण’ पार केल्याचा पडद्याचा फोटो तू मोठा करून फ्रिजच्या दारावर लावलास, हेही तिनेच कळवलं. आणि वरच्या मजल्यावरच्या जाऊबाई, ज्या हाच खेळ ‘मध्यम’वर खेळतात, दूध घ्यायला खाली आल्या की तू फ्रिज मुद्दाम त्यांनाच उघडायला लावतेस, हे मात्र मला खुद्द जाऊबाईंकडून कळलं.

आता माझं काम. एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर दुसऱ्यांचे शब्द सरळ केल्यावर मी घरी बसलो, ते तुझ्या वहिनीला फार दिवस सोसलं नाही. त्याच सुमारास या खेळवाल्या मंडळींना असा माणूस हवा होता, जो एका गोष्टीला सगळीकडे एकच शब्द वापरेल. खेळ तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: गाणं लागतं, पडद्यावरून बाण खाली येतात, ठोक्याबरोबर त्या त्या चौकोनावर पाय पडला पाहिजे. पण कुठल्या ठोक्याला कुठला बाण हे कोणीतरी बसून ठरवतं, त्याला इथे नकाशा म्हणतात. आणि नकाशा झाल्यावर तो किती अवघड, हेही तोच माणूस स्वतःच्या मनाने लिहून टाकतो. गेली सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

नकाशे करणारी माणसं तीन. पहिला ड्रमवाला. हा बोलतानाही दोन्ही हातांनी टेबल वाजवतो आणि एका पायाने तिसराच ताल धरतो. याला जगात काही अवघड वाटत नाही. ज्या नकाशात पाय एकमेकांत अडकून माणूस भिंतीवर जातो, त्यावर हा ‘मध्यम’ लिहितो, तेही समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. दुसऱ्या शिकवणीबाई, पूर्वी गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या. त्यांनी सात पातळ्या केल्या. त्यातल्या पहिल्या पाच अशा: सोपे, सुलभ, सहज, साधे, सरळ. यातलं वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, यावर आम्ही एक अख्खी सकाळ घालवली. बाईंचं म्हणणं, सुलभ हे सोप्यापेक्षा जरा जड असतं, ‘उच्चारून बघा ना’. आम्ही सगळ्यांनी उच्चारून बघितलं. चहा देणाऱ्या मावशी दारात थांबून म्हणाल्या, “काय झालंय सगळ्यांना?”

तिसरा मवाळ. त्याचं खरं नाव मला तीन महिन्यांत कळलेलं नाही, सगळे मवाळच म्हणतात आणि तोही ओ देतो. हा गोड माणूस आहे. खेळणाऱ्याचं मन मोडता कामा नये, हे त्याचं एकमेव तत्त्व. त्याच्या नकाशात दोन बाणांमध्ये इतकी जागा असते की मध्ये एखादा निरोप घेता येईल. आणि त्यावर तो ‘कठीण’ लिहितो. मी त्याला विचारलं, बाबा रे, असं का? तर म्हणाला, “काका, कठीण म्हणायचं आणि सोपं द्यायचं. माणूस दिवसभर खुशीत राहतो.” मी यावर बराच विचार केला. आमच्या वर्तमानपत्रात याच्या उलट चालायचं.

(ताई, तुझी अकराच्या अकरा गाणी मवाळची आहेत. हे वाक्य मी कंसात घातलंय, म्हणजे जरा हळू ऐकू येईल.)

बॉसबाईंचा हुकूम असा होता की सगळ्या गाण्यांना एकच मोजपट्टी लावायची. बाण मोजून बघितले, पण संथ गाण्यात पाय अडकवणारे शंभर बाण आणि जलद गाण्यात सरळ येणारे दोनशे, यात जड काय? शेवटी मी ठरवलं, माणसावरच मोजायचं. खेळ बनवणारे सगळे बोटं टेकवून नकाशे तपासतात, त्यांच्या पायांना चटईची ओळख नाही. उरला आमचा दारावरचा पहारेकरी. वय अठ्ठावन्न, सकाळी नऊपासून खुर्चीवर, पोटामुळे पट्ट्याचं बकल दिसत नाही, आणि खरं बोलायला न कचरणारा. तो आमचं प्रमाण माप झाला. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी त्याला आठ गाण्यांवर उभा करायचा आणि प्रत्येक गाण्यानंतर विचारायचं, “काय, कसं वाटलं?” मी वही घेऊन शेजारी.

आणि नावं तिथेच मिळाली. आम्ही चार बैठका घेऊन जे शोधत होतो ते हा माणूस टोपीने वारा घेत सांगत होता. हलकं गाणं झालं की म्हणायचा, “जमलं.” त्याहून जरा चढं, तर “जमतंय.” पुढचं असेल तर श्वास घेऊन, “जमेल.” त्यापुढे कमरेवर हात ठेवून, खिडकीबाहेर बघत, “बघू.” आणि ड्रमवाल्याच्या दोन गाण्यांना तो चटईवरून उतरून जोडे घालायला लागला आणि म्हणाला, “नको.” मी वहीत खाली खाली लिहीत गेलो: जमलं, जमतंय, जमेल, बघू, नको. कागद बॉसबाईंसमोर ठेवला. त्यांनी एकदा वाचला आणि कुठलं वर, कुठलं खाली, हे विचारलंच नाही. शिकवणीबाईंनी तेवढं म्हणून पाहिलं की ‘बघू’ हे ‘जमेल’च्या पुढे कसं, बघू म्हणजे तर शक्यता आहे. तेव्हा खोलीतले सगळे इतके हसले की त्याही हसल्या. बघू म्हणजे काय ते त्यांच्याही घरात माहीत होतं.

त्या वेळच्या मोजणीत तुझी सगळी गाणी ‘बघू’ला आली होती, ताई. पहिल्याच आठवड्यात मोजली होती ती. जाऊबाईंची चार गाणी ड्रमवाल्याची, ती गेली आठ महिने त्यांना ‘मध्यम’ म्हणून दिसत होती, तीही ‘बघू’लाच आली. म्हणजे दोघी एकाच पायरीवर. खालचा मजला आणि वरचा मजला यांत समेट. मी त्या दिवशी घरी जाताना तुझ्या वहिनीसाठी फुलं नेली, तिला कारण कळलं नाही, पण तिने ती पाण्यात ठेवली.

पुढचं मी लिहायचं टाळतोय हे तुला कळलं असेल.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी जिन्याने खाली आलो, तर पहारेकरी उघड्या डब्यासकट चटईवर उभा. डावा हात डब्याखाली, उजव्या हाताने घास, आणि पायाने तो तुझं सातवं गाणं खेळत होता. एक बाण चुकला नाही. मी विचारलं, “हे ‘बघू’ ना?” घास गिळून म्हणाला, “हे होय? हे जमतंय की.” मी त्याच्या पोटाकडे पाहिलं. बकल दिसत होतं. तीन आठवडे रोज आठ गाणी. माणूस पट्ट्याला दोन भोकं पाडून आत आला होता. म्हणजे आमची मोजपट्टीच रोज थोडी थोडी सरकत होती. पहिल्या आठवड्यातली गाणी उगाच अवघड ठरली होती, शेवटच्या आठवड्यातली होती तशी.

हे त्या वेळी मला एकट्यालाच माहीत होतं. मी वही मिटली असती तर कोणाला कळलं नसतं, तुझा फ्रिज तसाच राहिला असता, आणि आपल्या घराण्यात पुढची दहा वर्षं माझं नाव चांगलं राहिलं असतं. मी जिन्यावर पाच मिनिटं बसलो. पण चुकीची बातमी छापली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायची, हे एकतीस वर्षं केलेला माणूस सहाव्या मिनिटाला उठतो. मी बॉसबाईंना सांगितलं. सगळी गाणी पुन्हा, बारीक झालेल्या पहारेकऱ्यावर, एकाच आठवड्यात मोजली. जाऊबाईंची चार ‘बघू’लाच राहिली. तुझी अकरा ‘जमतंय’ला आली. वरून चौथी पायरी, खालून दुसरी. आणि पुढचा नियमही असा केलाय की एका पायरीवरची तीन गाणी पार केल्याशिवाय वरची उघडतच नाही, म्हणजे फुकटची उडी कोणालाच नाही. (तुझ्याकडे अकरा आहेत, तेव्हा ‘जमेल’ तुला सोमवारी आपोआप उघडेल. हेही कंसात, पण हे मोठ्याने वाच.)

तुला किती लागेल ते मला कळतं. गेल्या वर्षी हाड जोडल्यावर तू चार महिने खिडकीशी बसून होतीस. फिरायला येतेस का म्हटलं की ‘बघू’ म्हणायचीस, आणि आम्ही दुसऱ्यांदा विचारायचं टाळायचो, कारण ‘बघू’च्या पुढे ‘नको’ असतं. त्यानंतर ते पहिलं ‘कठीण’. मी मवाळवर रागवायचं ठरवून त्याच्या टेबलाशी गेलो होतो. पण त्याच्या खोट्या शब्दावर तू उभी राहिलीस, चाललीस आणि आता सव्वा तास नाचतेस, हे डोक्यात आलं आणि मी त्याच्याकडे फक्त टाचणी मागितली. शब्द खोटा होता, ताई. पाय खरे होते. ते आम्ही कोणी मोजलेले नाहीत आणि सोमवारी ते बदलणार नाहीत.

भावोजींना नमस्कार. लेकीला सांग, मला आता अधिक बातम्या पुरवू नकोस, मी त्यांचं काय करतो ते तिने पाहिलंच.

तुझा,
धाकटा

ता. क. — मुख्य काम राहिलंच. प्रत्येक खेळणाऱ्याला नव्या पातळीची सूचना ईमेलने काल गेली. तुझी मी थांबवून ठेवली आहे, हे पत्र आधी पोचावं म्हणून. पण जाऊबाईंची थांबवायची कुठल्या कारणाने? ती गेली. तेव्हा विनंती एवढीच की शनिवारपर्यंत फ्रिजवरचा फोटो तू स्वतः काढ, म्हणजे तो त्यांना काढायला मिळणार नाही.

ता. क. दुसरा — एका बाबतीत वरचं पत्र सगळं खरं नाही. मी जिन्यावर पाच मिनिटं नाही, जेवणाची अख्खी सुट्टी बसलो होतो. आणि उठलो ते तत्त्वाने नव्हे, पहारेकऱ्याने हात धरून उठवलं. म्हणाला, “साहेब, चढून तर बघा, जमेल.”

ता. क. तिसरा — पाकीट चिकटवून झालं होतं, ते फोडलं. आज दुपारी नव्या पद्धतीवर पहिली लेखी हरकत आली. बॉसबाईंनी ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, ही बाई तुमची कोण? हरकत जाऊबाईंची आहे. सूचनेसोबत गाण्यांची नवी यादी होती. त्यात तुझी अकरा शोधायला त्यांना वेळ लागला नसणार, आठ महिने त्या जमिनीतून तीच ऐकताहेत. मजकूर जसाच्या तसा देतो: “खालच्या मजल्यावर कठीण चालतं म्हणून मी रोज तासभर पाय आपटते. ते कठीण नव्हतंच, हे मला आता सांगू नका. मोठ्या जाऊबाईंना आहेत तिथेच ठेवा. ते होत नसेल तर मलाही खाली आणा, एकटीने वर मी काय करू? तपासायचं तर दोघींना एकत्र तपासा.”

हरकत सुनावणीला घेतली आहे, तेही बॉसबाईंनी आत्ताच नक्की केलं. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता दोघींनी हजर राहायचं, शेजारी शेजारी उभं राहून ‘जमेल’चं एकच गाणं खेळायचं, माप पहारेकरीच घेईल. गाणं निवडायचा हक्क हरकत घेणाऱ्याचा. त्यांनी जे निवडलंय ते दोघींनीही अजून खेळलेलं नाही. तेव्हा पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्या आपली चटई घेऊन सरावाला खाली येतील असा माझा अंदाज आहे. दोन चटया शेजारी मावायच्या तर पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावावं लागेल. ते शनिवारीच भावोजींकडून हलवून घे.