जेवण तिच्याकडे, घाण माझ्याकडे

८ जून, शनिवार

परत! मोगऱ्याच्या वाफ्यात, अगदी मधोमध. कालच भुसभुशीत केलेली माती. उकरून, कार्यक्रम उरकून, वर नीट झाकून ठेवलंय. झाकतात कशाला? मला हाताला लागावं म्हणून!

लग्नांचा महिना सुरू झालाय. इथं जावात, आख्ख्या सोलो शहरात नवऱ्या सजताहेत. कळ्या उमलायच्या आत खुडायच्या, ओवायच्या, नवरीच्या अंबाड्यावर जाळी आणि खांद्यावरून सोडलेला लांब सर. आमचं घर त्यावर चालतं. आणि मी भल्या सकाळी कळ्या खुडायला बसले की पहिला वास मोगऱ्याचा नाही, बोक्याचा!

पलीकडची बू कुस्मियाती (मानानं 'बू', म्हणजे बाई, म्हणायचं हिला!) गल्लीतल्या सगळ्या मांजरांना जेवू घालते. भात, वर खारवलेली मासळी. जेवण तिच्याकडे, घाण माझ्याकडे. वा!

९ जून

पाण्याच्या बाटल्या भरून कुंपणाला ओळीने लावल्या. सगळे लावतात. पाण्यातली चमक बघून मांजरं बुजतात म्हणे.

दुपारी पिवळा बोका एका बाटलीला पाठ घासत उभा होता. त्याचं नाव राडेन. म्हणजे राजपुत्र! गटारात जन्मलेला राजपुत्र.

११ जून

डांबरगोळ्या टाकल्या. मांजरं गेली नाहीत, पण कळ्यांना डांबराचा वास लागला. सगळ्या वेचून परत काढल्या. कंबर धरली.

मग कोपऱ्यावरच्या टपरीतून कॉफीचा चोथा आणून पसरला. त्यांना तो फारच आवडला. मऊ गादीच घातली मी!

१३ जून

आज कुंपणापाशी गेले. ठरवून गेले होते, आवाज चढवायचा नाही.

"बू, तुमची मांजरं—"

"माझी कुठं? अल्लाची आहेत." हसतच म्हणाली. मांडीवर राडेन. "आणि बू, खत म्हणून चांगलंच की झाडांना. तुमचा मोगरा उगाच नाही एवढा फुलत!"

घरी आल्यावर एकाहून एक उत्तरं सुचली. मोठमोठ्यानं म्हणूनही घेतली, भांडी घासता घासता. हे म्हणाले, "कुणाशी बोलतेस?" म्हटलं, "भांड्यांशी!"

१५ जून, शनिवार

पाय न धुताच लिहायला बसले.

आज मोठी ऑर्डर होती. बाजारपेठेतल्या कापडवाल्यांची मुलगी. काल दुपारपासून ओवत होते. सर इतका सुबक उतरला की ह्यांनीसुद्धा रेडिओ बंद करून पाहिला. ओल्या केळीच्या पानात गुंडाळून टोपलीत ठेवला, टोपली ओसरीवर. दवात बसून बसून मला सर्दी झालीय, नाक बंद. सकाळी सायकलरिक्षा करून स्वतः घेऊन गेले.

नवरी पाटावर बसलेली. नटवणारी बाई, आत्या, मावश्या, सगळ्या भोवती. तिच्या आईनं पान उलगडलं आणि ओढणी नाकाला लावली.

"बू विनार्ती, हा मोगरा आहे की मांजराची मुतारी?"

कुणीतरी खुदकन हसलं. मी सर उचलून नाकाशी नेला, सर्दीतूनसुद्धा कळलं. पानाच्या एका कडेला पिवळट डाग होता.

मग त्यांनी कपाटातून प्लास्टिकचा हार काढला. प्लास्टिकचा! जरीच्या पोशाखावर, माझ्या डोळ्यांदेखत. नवरी माझ्याकडे बघत होती. रडवेली. माझ्यासाठी की स्वतःसाठी, कोण जाणे. माझ्या आईनं ह्याच घराण्यातल्या तीन पिढ्यांना हार दिले. आता संपलं.

घरी आले तर ओसरीच्या खांबाला राडेन शेपूट उभारून फवारा मारत होता.

१६ जून

सूड घ्यायचा. दुसरं काही सुचत नाही.

१७ जून, सोमवार

ईद. मशिदीतून कुर्बानीच्या मटणाचा वाटा आला. त्यात काळजाचा तुकडा निघाला. हे म्हणाले, "तिखट घालून परतून टाक." मी म्हटलं, "ते मी राखून ठेवलंय."

"कुणासाठी?"

"राजपुत्रासाठी."

ह्यांनी चष्मा काढला. "हे बघ, मांजराचं काही बरंवाईट झालं तर अंगातला सदरा काढून त्यात गुंडाळून पुरावं लागतं, नाहीतर शाप लागतो. माझे दोनच सदरे धड आहेत."

"मारत नाही हो. फक्त गाव दाखवणार आहे त्याला."

१८ जून

झालं! काळीज टोपलीत टाकलं, महाराज स्वतःहून आत शिरले. झाकण लावलं, दोरीनं आवळलं, वर ओढणी. नदीपलीकडच्या बाजाराची मिनीबस धरली. बोका रस्ताभर ओरडत होता. शेजारच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "पोरगं आजारी आहे का?" म्हटलं, "हो, डॉक्टरकडे नेतेय."

मासळीवाल्यांच्या रांगेमागे टोपली उघडली. बाहेर पडून माझ्याकडे बघत बसला. पळालाही नाही, मूर्ख.

परत येताना बर्फाचं सरबत प्याले. कितीतरी दिवसांनी काहीतरी गोड लागलं.

१९ जून

वाफा स्वच्छ! कुंपणाच्या फटींत सालाकच्या, त्या खवलेदार फळाच्या झाडाच्या, काटेरी झावळ्या खोचल्या, म्हणजे बाकीची भुरटीही येणार नाहीत. एकेक काटा बोटाएवढा.

पलीकडून दिवसभर, "राडेन! राडेन बाळा!" ताटली वाजवत फिरतेय. मी दार उघडं ठेवून ओवत बसले. नीट ऐकू यावं म्हणून.

२१ जून, शुक्रवार

बू कुस्मियाती स्वतः दारात! डोळे सुजलेले.

"बू, तुमच्याशिवाय कुणाला सांगू? तुम्ही त्याला रोज बघायच्या. चला ना माझ्याबरोबर. चार डोळे बरे."

मी तिला आत बसवलं, चहा दिला. मनात उकळ्या फुटत होत्या. हिचं रडणं आता जवळून बघायला मिळणार! "येते की," म्हटलं. "शेजारधर्म आहे."

स्टेशनच्या मागची सगळी गटारं वाकून वाकून पाहिली. ती रडत होती, मी पाठीवर हात फिरवत होते.

२३ जून

आज दफनभूमी. भर उन्हात, एकेका कबरीमागे. मासळीचा डबा माझ्याकडे. "तुमच्या हाताचा वास ओळखेल तो, बू." परतताना तिची चप्पल तुटली, म्हणून माझी तिला दिली. का दिली?

गुडघे टरारून सुजलेत.

२४ जून

बटिकवाल्यांची गल्ली. टोकापर्यंत जाऊन परत. पुन्हा एकदा गेलो, कारण तिला "म्याँव ऐकू आलं".

रात्री ह्यांनी गुडघ्यांना तेल लावून दिलं. "सूड कसा चाललाय?" म्हणाले.

२५ जून

आज चालता चालता सांगत होती. नवरा गेला तेव्हा घरात आवाज म्हणून राहिला नाही. मग हा आला, भिजलेला, मुठीएवढा. "आता सकाळी उठले की भांडं पाडायलाही कुणी नाही, बू."

माझ्या नवरीचा हार कुणी नासवला, ह्याची मी स्वतःला आठवण करून दिली. घरी येईपर्यंत आठवत होते.

"उद्या नदीपलीकडचा बाजार बघू," दारात म्हणाली.



२६ जून

गेले. न जाऊन सांगणार काय!

तीच रांग. ओढणी तोंडावर ओढून घेतली. बू कुस्मियाती एकेका ओट्यापाशी थांबून विचारतेय. टोकाची जाडी मासळीवाली सुरा खाली ठेवून माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "नाही बाई. पिवळा बोका? पाहिला नाही बुवा."

वाचले!

पण मग मागच्या बाजूला गेले, टोपली उघडली होती तिथं. रिकामी खोकी, बर्फाचं पाणी, एक खरजुलं कुत्रं. आणि मी हाक मारायला लागले. मीच! "राडेन! ए राडेन!" आवाज बसेपर्यंत. तो खरंच त्या कुत्र्याच्या तावडीत सापडला असेल तर?

मागे वळले तर बू कुस्मियाती उभी होती.

उद्या सांगून टाकणार.

२७ जून

सांगितलं नाही. दोनदा कुंपणापर्यंत गेले. गुडघे वाकतच नाहीत, फडकं गुंडाळलंय. आल्याचा काढा करून तिच्या दारात ठेवून आले.

२८ जून, शुक्रवार

कुंपणापलीकडे ती. कडेवर राडेन! खाऊन खाऊन भोपळा झालेला.

"मासळीवालीकडेच होता हो. ह्या मांजरांची मासळी मी तिच्याकडूनच नेते. तुम्ही टोपली उघडलीत ते तिनं पाहिलं, त्याच संध्याकाळी तिचा निरोप आला." मग बोक्याचे कान कुरवाळत, गोड आवाजात, "गुडघे कसे आहेत, बू?"

इतकी वर्षं मी हिला भोळी समजत होते!

संध्याकाळी मीच तिला चहाला बोलावलंय. अशी बाई शत्रुपक्षात ठेवणं मला परवडायचं नाही.